घरचा फाइल सर्व्हर: कधी निजवावा, कसा उठवावा

फाइल सर्व्हर, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइल ठेवणारा संगणक, आपोआप चालू-बंद करण्याविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. तो चालू कसा करावा, हेच बहुतेकांनी विचारले आहे. खरी अडचण मात्र तो बंद कधी करावा ही असते, म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. लिनक्सच्या कमांडांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क बसवून सर्व्हर केला आहे. तो चोवीस तास चालतो, वापर मात्र दिवसाला पाचेक तास. रोज बंद-चालू करून खरोखर काही वाचते का? त्याने डिस्क लवकर जातात असेही ऐकले आहे.

आकडे मांडून पाहा. असा डेस्कटॉप नुसता बसून ४० वॉट घेतो असे धरू. चोवीस तासांचे ०.९६ युनिट, म्हणजे वर्षाचे सुमारे ३५०. पाच तासच चालवला तर दिवसाला ०.२ युनिट लागते. उरलेले १९ तास तो बंद असला तरी पॉवर सप्लाय २ वॉटच्या आसपास घेत राहतो, त्याचे आणखी ०.०४. वर्षाचे झाले ८७ युनिट. तीन चतुर्थांश वीज वाचली. उलट तुमचा सर्व्हर १० वॉटचा छोटा डबा असेल तर तो वर्षभर अखंड चालूनही जेमतेम ८८ युनिट घेतो. तिथे हा सगळा खटाटोप करू नका, नुसत्या डिस्क थांबवा. डिस्कच्या सेटिंग बदलणाऱ्या 'एचडीपार्म'ला मोठ्या 'एस'पुढे २४१ दिले की अर्ध्या तासाच्या शांततेनंतर डिस्क फिरायची थांबते. २४० पर्यंतचे आकडे पाच-पाच सेकंदांच्या पटीत मोजले जातात आणि २४१ पासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. हे न कळल्यामुळे २४० म्हणजे २४० मिनिटे असे समजणारे पुष्कळ आहेत. ती प्रत्यक्षात २० मिनिटे असतात. आधी प्लगमध्ये लावायच्या वॉटमीटरने मोजा आणि मगच ठरवा.

डिस्कचे म्हणाल तर साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्कसाठी ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याची क्षमता सर्रास सांगितली जाते. दिवसातून दोनदा म्हणजे वर्षाला ७३०. त्या हिशेबाने डिस्क दुसऱ्याच कारणाने आधी जाईल. घात होतो तो फार घाईने बंद करण्यामुळे. दर दहा मिनिटांनी थांबणारी आणि कोणीतरी लगेच उठवणारी डिस्क दिवसात १४४ वेळा सुरू होते, वर्षात ५२,५६०. ती क्षमता एका वर्षात संपली. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या 'स्मार्टकटल'च्या यादीत क्रमांक ४ (किती वेळा फिरायला लागली), १२ (किती वेळा वीज मिळाली) आणि १९३ (वाचणारी-लिहिणारी डोकी किती वेळा उचलून ठेवली) हे आकडे आज लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. ४ चा आकडा १२ पेक्षा भराभर वाढत असेल तर सर्व्हर चालू असतानाच डिस्क थांबून-थांबून फिरते आहे.

प्रश्न: वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून पॅकेट पाठवून यंत्र उठवण्याची सोय) बायोसमध्ये (बोर्डावरच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू केले आहे. सर्व्हर स्लीपमधून उठतो, पण शटडाउन केल्यावर उठत नाही. कधीकधी एकदा उठतो, दुसऱ्यांदा नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. सर्व्हर बंद करा, दोन मिनिटे थांबा आणि केबल जिथे बसते तिथला दिवा पाहा. दिवा विझला असेल तर नेटवर्क कार्डाला वीजच मिळत नाही. मग कितीही पॅकेट पाठवा, ऐकायला कोणी जागे नाही. बंद संगणकात कार्डाला ५ व्होल्टच्या स्टँडबाय वाहिनीतून वीज मिळते, आणि बायोसमधले 'ईआरपी' किंवा 'ईयूपी रेडी' नावाचे कलम ती तोडते. बंद उपकरणाने अर्ध्या वॉटपेक्षा जास्त घेऊ नये या युरोपीय नियमासाठी ते कलम आले. वीज वाचवायची म्हणून ते उत्साहाने चालू केलेले असते आणि त्यातच वेक-ऑन-लॅन मरते. ते बंद करा. 'डीप स्लीप' किंवा 'डीप पॉवर ऑफ' असे नाव असले तरी मामला तोच.

कलम बंद करूनही दिवा लागत नसेल तर स्विच तपासा. बंद झाल्यावर पुष्कळ कार्डे वेग उतरवून १० किंवा १०० मेगाबिटवर येतात. स्विचचे पोर्ट १ गिगाबिटला बांधून ठेवलेले असेल, किंवा ते १० गिगाबिटचे असून इतका कमी वेग त्याला जमतच नसेल, तर जोडणी तुटते. पोर्टचा वेग 'ऑटो' ठेवा किंवा मध्ये साधा गिगाबिट स्विच घाला.

दिवा लागतो पण यंत्र उठत नाही, किंवा एकदाच उठते, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. नेटवर्क कार्डाची सेटिंग दाखवणाऱ्या 'इथटूल'ला कार्डाचे नाव देऊन चालवा. 'सपोर्ट्स वेक-ऑन' या ओळीत 'जी' अक्षर असायला हवे, म्हणजे मॅजिक पॅकेट, यंत्र उठवणारे खास पॅकेट, कळते. आणि खालच्या 'वेक-ऑन' ओळीत 'डी' असेल तर ते बंद आहे. 'इथटूल'ने 'जी' केलेले पुढच्या बूटला टिकत नाही, म्हणून एकदाच उठतो. नेटवर्कमॅनेजर असेल तर त्या जोडणीच्या 'वेक-ऑन-लॅन' गुणधर्माला 'मॅजिक' ही किंमत द्या. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) 'लिंक' फाइलने केले तर एक खड्डा आहे: तुमची फाइल लागू झाली की मूळची फाइल वाचलीच जात नाही, आणि 'नेमपॉलिसी'ची ओळ लिहायला विसरलात तर कार्डाचे नावच बदलून नेटवर्क बसते. ती ओळ मूळ फाइलमधून उचलून आणा. वीज वाचवायला टीएलपी बसवले असेल तर तेही वेक-ऑन-लॅन बंद करते. त्याच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूओएल डिसेबल'ला 'एन' द्या. सर्व्हरवर विंडोज असेल तर 'फास्ट स्टार्टअप' काढून टाका.

पॅकेटविषयी थोडे. त्यात सहा वेळा 'एफएफ' ही बाइट आणि पुढे कार्डाचा ६ बाइटचा मॅक पत्ता (कार्डाचा कायमचा क्रमांक) १६ वेळा असतो, एकूण १०२ बाइट. आयपी पत्त्याचा त्यात संबंध नाही, कारण बंद यंत्राला आयपी पत्ता नसतो. म्हणून ते ब्रॉडकास्टवरच, म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्यांना, पाठवा, उदाहरणार्थ शेवटी २५५ असलेल्या पत्त्यावर. सर्व्हरच्या नेहमीच्या आयपीवर पाठवले तर शटडाउननंतर काही मिनिटे ते पोहोचते, मग राउटर तो पत्ता विसरतो आणि थांबते. "कधी चालते, कधी नाही" या तक्रारीचे मूळ बरेचदा इथे सापडते.

प्रश्न: उलटी तक्रार. बंद केलेला सर्व्हर मध्येच आपणहून उठतो.

'वेक-ऑन' ओळीत 'जी'शिवाय 'यू', 'बी', 'ए' किंवा 'पी' अक्षरे असतील तर कोणतेही साधे पॅकेट किंवा केबलची हालचालही त्याला उठवते. फक्त 'जी' ठेवा. 'प्रॉक'मधल्या 'एसीपीआय'च्या 'वेकअप' फाइलमध्ये यूएसबीचे पोर्ट 'एनेबल्ड' दिसत असतील तर तेही बंद करा. सर्व्हरला माउसची गरज नसते.

प्रश्न: रोज ठरलेल्या वेळी चालू व्हावा म्हणून 'आरटीसीवेक' (बोर्डावरच्या घड्याळाचा गजर लावणारी कमांड) वापरतो. वेळ चुकते, आणि मी हाताने बंद केला की दुसऱ्या दिवशी उठतच नाही.

वेळ ठरावीक तासांनी चुकत असेल तर बोर्डावरचे घड्याळ जागतिक वेळेवर आणि तुमचा हिशेब स्थानिक वेळेवर आहे. बायोसच्या पडद्यावर दिसणारी वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा. बायोसमधला गजर त्याच घड्याळावर चालतो, म्हणून तिथे वेळ भरताना फरक वजा-अधिक करावा लागतो. 'आरटीसीवेक' हे गणित स्वतः करते. दोन्हीकडे गजर लावू नका. काही बोर्ड आपलाच गजर खरा मानतात आणि लिनक्सने लावलेला पुसतात. वेळ दर वेळी वेगळीच, किंवा तारीखच भलती असेल तर बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी बदला.

लिनक्समधून लावलेला गजर एकदाच वाजतो. तुमची स्क्रिप्ट रात्री बंद करताना गजर लावते. हाताने बंद केले की स्क्रिप्ट चालतच नाही, मग गजर कुठून असणार? गजर शटडाउनलाच बांधा. सिस्टमडीची छोटी सेवा करा, जी थांबवली जाताना 'आरटीसीवेक'ला 'नो' या प्रकाराने पुढची वेळ देईल. 'नो' म्हणजे गजर लाव, पण आत्ता काही बंद करू नकोस. मग सर्व्हर स्क्रिप्टने, बटणाने किंवा कमांडने, कसाही बंद झाला तरी गजर लागलेला असतो. थेट 'वेकअलार्म' फाइलमध्ये लिहीत असाल तर आधी शून्य लिहून जुना गजर काढा, नाहीतर नवा घेतला जात नाही. घड्याळ जुळवण्याचे काम गजराच्या आधी उरका. काही बोर्डांवर घड्याळात लिहिले की गजर पुसला जातो. चाचणीला दिवस घालवू नका. 'ऑफ' प्रकार आणि ३०० सेकंद द्या, पाच मिनिटांत कळेल.

प्रश्न: अर्धा तास कोणी वापरत नसेल तर बंद व्हावा, अशी स्क्रिप्ट लिहिली. एक तर तो कधीच बंद होत नाही, नाहीतर बॅकअप चालू असताना बंद होतो. 'वापरत नाही' हे ओळखावे कसे?

कशावरून ओळखू नये ते आधी. प्रोसेसरवरच्या ताणावरून ओळखू नका. मोठी फाइल पाठवतानाही तो नगण्य असतो. घरातले संगणक पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला) उत्तर देतात का, यावरूनही नको. लॅपटॉप चालू असणे आणि सर्व्हरचा वापर चालू असणे यांचा संबंध नाही, आणि झोपलेला फोन पिंगला कधी उत्तर देतो, कधी देत नाही.

उघड्या जोडण्या पाहा. 'एसएस' कमांडने सांबासाठी (विंडोज पद्धतीचे फाइल-वाटप) ४४५, एनएफएससाठी (लिनक्स पद्धतीचे फाइल-वाटप) २०४९ आणि एसएसएचसाठी (दुरून कमांड देणे) २२ या पोर्टवरच्या प्रस्थापित जोडण्या मोजा. कधीच बंद न होण्याचे कारण इथेच दिसेल: विंडोजमध्ये ड्राइव्ह जोडलेला असला की कोणी फाइल उघडली नाही तरी सत्र उघडे राहते. सांबाच्या सेटिंगमध्ये 'डेडटाइम' १५ करा. पंधरा मिनिटे हालचाल नसेल आणि एकही फाइल उघडी नसेल तर सांबा ती जोडणी सोडतो. फाइल उघडी असेल तर सोडत नाही, आणि आपल्याला हवे ते हेच. सोडलेली जोडणी विंडोज पुढच्या वापराला आपोआप पुन्हा करतो. एनएफएस माउंट असेपर्यंत, म्हणजे सर्व्हरचे फोल्डर जोडलेले असेपर्यंत, जोडणी दिसू शकते, म्हणून दुसऱ्या संगणकांवर ऑटोमाउंट (लागेल तेव्हाच आपोआप जोडणे) ठेवून 'टाइमआउट आयडल सेक' ६०० द्या; दहा मिनिटांनी माउंट सुटतो. याचा दुसरा लाभ म्हणजे बंद सर्व्हरची वाट पाहत ते संगणक अडकून पडत नाहीत.

जोडण्या शून्य झाल्या तरी थांबा. सर्व्हर स्वतःचे काम करत असेल. रेडची (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या रचनेची) जुळणी 'एमडीस्टॅट'मध्ये दिसते, झेडएफएस या फाइल-व्यवस्थेची पडताळणी 'झेडपूल स्टेटस'मध्ये, डिस्कची लांब आत्मचाचणी 'स्मार्टकटल'मध्ये. बॅकअपसाठी प्रक्रियेचे नाव शोधण्यापेक्षा कुलूप बरे. बॅकअपची कमांड 'एफलॉक'मधून चालवा आणि बंद करणाऱ्या स्क्रिप्टला तेच कुलूप मागायला लावा. मिळाले नाही तर काम चालू आहे. "बॅकअप चालू आहे" अशी नुसती फाइल करून ठेवू नका. बॅकअप मध्येच कोसळला की ती फाइल तशीच राहते आणि सर्व्हर महिनाभर जागा. 'एफलॉक'चे कुलूप प्रक्रिया मेली की आपोआप सुटते.

शेवटी नेटवर्कवरून गेलेल्या बाइट मोजा. कार्डाच्या 'स्टॅटिस्टिक्स' फोल्डरमध्ये आलेल्या आणि गेलेल्या बाइटचे आकडे असतात. पाच मिनिटांत दोन्ही मिळून १५ मेगाबाइटपेक्षा जास्त गेले, म्हणजे सेकंदाला सरासरी ५० किलोबाइट, तर काहीतरी चालू आहे असे धरा. त्याखालची कुजबुज राउटर आणि टीव्ही यांची असते. वर न मोजलेली एखादी मीडिया सेवा असेल तर ती या चाळणीत सापडते.

हे सगळे दर पाच मिनिटांनी तपासा आणि सलग सहा वेळा शांतता आढळली तरच बंद करा. एकदा जरी वापर दिसला तरी मोजणी शून्यावर. मोजणीची फाइल 'रन' फोल्डरात ठेवा, कारण ते मेमरीत असते आणि बूटला कोरे होते. डिस्कवर ठेवलीत तर सर्व्हर उठेल, जुना सहाचा आकडा वाचेल आणि लगेच पुन्हा बंद होईल. तशीच आणखी एक अट घाला: चालू होऊन २० मिनिटे झाली नसतील तर काहीच तपासू नये. ही अट नसलेली स्क्रिप्ट बिघडली तर दुरुस्त करायला आत शिरेपर्यंत यंत्र बंद पडते.

बंद करताना 'शटडाउन'ला अधिक तीन मिनिटे द्या. तेवढ्यात कोणी आले तर लहान 'सी' देऊन तो रद्द करता येतो. आणि पहिला आठवडा बंद करूच नका. जिथे शटडाउन आहे तिथे "आत्ता बंद केला असता" एवढी ओळ आणि त्या क्षणाचे आकडे नोंदवहीत लिहा. आठवड्याची वही वाचली की घरातल्या वापराचे खरे चित्र कळते, आणि मर्यादा त्यावरून ठरवता येतात.

प्रश्न: इतके करण्यापेक्षा स्मार्ट प्लगने वीज तोडली तर?

चालू सर्व्हरची कधीही नाही. लिहिणे अर्धे राहते आणि डिस्कला डोकी घाईघाईने मागे घ्यावी लागतात. शटडाउन पुरा झाल्यावर मात्र प्लगचा उपयोग आहे. प्लग वॉट मोजणारा असेल तर सलग दोन मिनिटे ५ वॉटच्या खाली राहिल्यावर तोडायला सांगा. बायोसमध्ये वीज परतल्यावर 'पॉवर ऑन' असे ठेवले की प्लग चालू करताच सर्व्हर उठतो. वेक-ऑन-लॅन जमत नाही अशा बोर्डांना, आणि रास्पबेरी पाय ४ ला, हा मार्ग खरोखर सोयीचा आहे. पाय ५ वर घड्याळ बोर्डावरच असल्याने गजर लावता येतो.

प्रश्न: यूपीएस आहे, बॅटरी उतरली की सर्व्हर नीट बंद होतो. पण वीज आल्यावर कधी उठतो, कधी तसाच राहतो.

बायोसमधल्या 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस'ला 'पॉवर ऑन' दिले असेलच. ते कलम वीज *जाऊन आली* तरच चालते. समजा बॅटरी उतरली, सर्व्हर बंद झाला, आणि यूपीएस अजून पूर्ण रिकामा झालेला नसतानाच वीज आली. सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नाही, मग तो कशाला उठेल? उपाय असा की सर्व्हरने बंद होताना यूपीएसलाच पुरवठा तोडायला सांगायचे. यूपीएसवर लक्ष ठेवणारे 'नट' वापरत असाल तर 'अपसमॉन'च्या सेटिंगमध्ये 'पॉवरडाउनफ्लॅग' द्या आणि शटडाउनच्या शेवटच्या टप्प्यात 'अपसड्रव्हकटल शटडाउन' चालते याची खात्री करा. यूपीएस थोड्या वेळाने बाहेरचा पुरवठा तोडतो आणि मुख्य वीज असेल तर पुन्हा जोडतो. ही वाट पाहण्याची मुदत सर्व्हर बंद व्हायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवी. एखादी सेवा थांबत नसेल तर सिस्टमडी तिच्यासाठी मुळात ९० सेकंद थांबते, हे धरून मुदत ठेवा.

'पॉवर ऑन' आवश्यक असण्याचे दुसरे कारण वेक-ऑन-लॅनचे आहे. बंद होताना ड्रायव्हर कार्डाला ऐकत राहायला सांगतो. वीज पूर्ण गेली की बऱ्याच बोर्डांवर कार्ड ते विसरते आणि सर्व्हर एकदा बूट होईपर्यंत मॅजिक पॅकेटला दाद देत नाही. 'लास्ट स्टेट' (आधी होता तसा) ठेवलेत आणि सर्व्हर बंद असताना वीज गेली-आली, तर तो बंदच राहतो आणि दुरून उठतही नाही. 'पॉवर ऑन' असेल तर तो उठतो, कार्ड पुन्हा तयार होते, आणि काम नसल्याने तासाभरात वरची स्क्रिप्ट त्याला बंद करते. एका बूटची वीज जाते, ती जाऊ द्या.

प्रश्न: शटडाउनऐवजी स्लीप वापरावी का?

उठायला काही सेकंद पुरतात, अधिक डिस्क फिरायला लागणारे दहा-पंधरा. मेमरी जागी ठेवायला वॉट-दोन वॉट जास्त. दिवसातून अनेकदा लागत असेल आणि यूपीएस असेल तर जरूर. यूपीएस नसेल तर नको. झोपेत वीज गेली तर ते अर्धवट बंद होणेच ठरते. काही डिस्क-कंट्रोलर झोपेतून नीट उठत नाहीत, म्हणून वीस वेळा झोपवून-उठवून दर वेळी सगळ्या डिस्क दिसतात का ते पाहा.

प्रश्न: घराबाहेरून उठवायचा आहे. राउटरवर ९ नंबरचे पोर्ट उघडू का?

नका उघडू. राउटरवरच व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याची सुरक्षित वाट) लावा, आत या, आणि सतत चालू असणाऱ्या यंत्रावरून पॅकेट पाठवा. ओपनडब्ल्यूआरटी हे सॉफ्टवेअर असलेला राउटर 'ईथरवेक'ने ते स्वतः पाठवतो.

प्रश्न: वर्षभर स्वयंचलित चालू-बंद सुरळीत आहे. पण झेडएफएसची शेवटची पडताळणी वर्षापूर्वीची दिसते. बिघाड आहे का?

बिघाड नाही, पण हे फार महत्त्वाचे आहे आणि लवकर लक्षात आले हे बरे. डेबियन या लिनक्समध्ये ही पडताळणी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री बारानंतर २४ मिनिटांनी ठेवलेली असते. त्या वेळी तुमचा सर्व्हर बंद असतो, आणि ठरलेल्या वेळी कामे करणारा क्रॉन हुकलेले काम नंतर करत नाही. पडताळणी झाली नाही की डिस्कवर गुपचूप खराब झालेला भाग कळतच नाही. तो कळतो दुसरी डिस्क गेल्यावर, जेव्हा दुरुस्तीला चांगली प्रत उरलेली नसते. ते काम सिस्टमडीच्या टायमरमध्ये हलवा आणि 'पर्सिस्टंट'ला 'ट्रू' द्या. मग हुकलेले काम पुढच्या वेळी चालू झाल्यावर होते. स्मार्ट चाचण्या, बॅकअपची छाटणी, सुरक्षा अद्यतने या सगळ्यांना हेच लागू आहे. 'वेकसिस्टम' या पर्यायावर मात्र विसंबू नका. तो स्लीपमधून उठवतो, पूर्ण बंद यंत्राला उठवत नाही.

पडताळणी आज हाताने सुरू करा. मोठ्या डिस्कना एक दिवसही लागू शकतो, आणि तोवर बंद करणाऱ्या स्क्रिप्टने 'झेडपूल स्टेटस' पाहून थांबायला हवे. ती ओळ तुमच्या स्क्रिप्टमध्ये आहे का, ते सुरू करण्यापूर्वी पाहून घ्या.